समेवरचं नाव

छत्रपती संभाजीनगर
३ नोव्हेंबर २०२४

विदुषी वैदेहीताई यांस,

सा. न. वि. वि.

हसू नकोस. महोत्सवाच्या पत्रिकेवर तुझ्या नावामागं तसंच छापलंय, म्हणून म्हटलं, आपणही रीत पाळावी. आमच्याकडं चार वेण्या घालून चारदा सोडायचीस आणि शाळेला उशीर झाला म्हणून रडायचीस, ती पोरगी विदुषी झाली. काकाला आनंद आहे. खोटं नाही सांगत.

तात्यासाहेब स्वतः पत्रिका घेऊन आले होते. महोत्सवाचे ते अजून अध्यक्षच आहेत. “अनंतराव, पुतणी येतेय तुमची डिसेंबरात. पुढच्या रांगेत बसायचं बरं का.” चहा नको म्हणाले, साखर वाढलीय म्हणे. जिभेवर तर ती केव्हाचीच वाढली होती.

पत्रिकेत लिहिलंय की तू पूरिया धनाश्री गाणार आणि त्यात ती ‘सुप्रसिद्ध’ सांजेची बंदिश गाणार. ती सुप्रसिद्ध झाली हे मला कळलंच नव्हतं. म्हणून मोबाइलवर शोधून ऐकली. आवाज काय लागलाय गं तुझा. धनाश्रीचा तो पंचम ऐकून मी चष्मा काढून ठेवला. मग समेवर आलीस आणि मी चष्मा परत घातला. वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. परत लावलं. चुकलं नव्हतं.

‘सांज पडी अब, सखी, दिया धर.’

सखी कोण? या घरात तर कुणी सखी नव्हती.

आणि खाली लिहिलंय, ‘रचना : पारंपरिक’. अगं, पारंपरिक म्हणजे गेलेली माणसं. मी आज सकाळी दुधाच्या पिशव्या आणल्या. एक फुटकी निघाली म्हणून दुकानदाराशी भांडलोसुद्धा. परंपरा इतकं भांडत नसते.

तुला मोबाइलवर लिहिलं होतं. दोन निळ्या रेघा येतात आणि पुढं सामसूम. म्हणून हे कागदावर. कागदाला रेघा आधीपासूनच असतात, त्यांचं वाईट वाटत नाही.

फार काही मागत नाही. गाशील तेव्हा समेवर जे होतं ते ठेव, एवढंच.

काकू बरी आहे. आशीर्वाद सांगितलाय.

तुझा पारंपरिक काका,
अनंत

*

१७ नोव्हेंबर २०२४

चि. वैदेहीस,

अनेक आशीर्वाद.

जावईबापूंचा फोन आला. हिमांशूराव फार गोड बोलतात, वकिलीत नाव काढतील. म्हणाले, “काका, वैदेहीचा घसा जपायचा असतो, म्हणून मी बोलतोय.” घसा जपावाच. पण घशाला काकाशी चार वाक्यं बोलल्यानं इजा होत असेल, तर मैफिलीत तीन तास कसं निभतं?

त्यांनी तुझ्या गुरुजींचं म्हणणं सांगितलं. ‘उमा’ म्हटलं की लोकांना पार्वती वाटते. देवीला दिवा लावायला सांगणं बरं दिसत नाही. आणि म्हणे मुद्रा मुखड्यात नसतेच. बांधणाऱ्यानं आपलं नाव अंतऱ्यात, शेवटी, हळूच घालायचं असतं. हा मुखड्यात नाव घेतो, तेही बायकोचं, म्हणजे याला बंदिशीची रीतच ठाऊक नाही. म्हणून त्यांनी ‘दुरुस्ती’ केली.

खरंय. नव्हती ठाऊक. मला कुणी शिकवलं होतं? लासूर स्टेशनला घरी रेडिओ होता आणि रेडिओला प्रश्न विचारता येत नाहीत. जे कानावर पडलं ते उचललं, भाजीवाली उरलेली मेथी पदरात टाकते तसं. माझी मुद्रा मुखड्यात पडली ती चूकच. तात्यासाहेबांनीही तेव्हा महोत्सवाच्या सगळ्या मंडळासमोर सांगितलं होतं, “अनंतराव, मुद्रा स्वतःची असते हो, मंडळीची नाही. उद्या सासूबाईंचंही नाव घालाल.” सगळे हसले. मीही हसलो. हसण्यावारी नेलं म्हणजे अपमान पचतो असं वाटायचं त्या वयात.

पण ते नाव तिथं का आलं, हे तुला मी कधी सांगितलं नाही. लहान होतीस. आता ऐक.

आमच्या लग्नात बायकांनी मला उखाणा घ्यायला सांगितला. तुझ्या काकूनं तिचा घेतला होता, ठसठशीत. माझी वेळ आली आणि दातखीळ बसली. सगळा मांडव वाट बघत होता आणि मी पाटावर घामाघूम. शेवटी भटजींनीच विषय बदलला. तेव्हापासून तिचं नाव माझ्या तोंडात आलं नाही. ‘अगं’, ‘ए’, ‘ऐकलं का’, नाहीतर नुसतं खाकरणं. तीही तशीच ओ द्यायची. पण दुसऱ्या कुणाच्या लग्नात उखाणे सुरू झाले की ती उठून पाणी वाटायला जायची.

वाळूजच्या कंपनीत स्टोअरला होतो तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी बसनं परतायचो. वाळूजजवळच्या त्या छोट्या पंढरपूरच्या फाट्यावर बस हमखास अडकायची. डब्बे रिकामे, माणसं रिकामी, सगळ्यांचे डोळे मिटलेले. आमच्या गल्लीत बस वळायची तेव्हा तुझी काकू ओसरीत दिवा ठेवत असायची. मला ती रोज दिसायची आणि रोज हाक मारावीशी वाटायची. त्या बसमध्येच ती बंदिश झाली, सीटवर बोटं वाजवत. सम म्हणजे तालाचं घर, सगळं हिंडून तिथंच परतायचं. मग घरी परतल्यावर माणूस कुणाला हाक मारील? मला तर दुसरी जागाच सुचली नाही.

सांज पडी अब, उमा, दिया धर.
दूर के थके घर कू आते, किवाड खुला धर.

‘घर कू’ ऐकूनही तुझे गुरुजी दचकले असतील. शुद्ध नाही ते. आपल्या गावाचं आहे. बसचा ड्रायव्हर युनूस, सिल्लोडचा, त्यानं पहिल्यांदा ऐकली आणि आरशातून म्हणाला, “क्या अनंतराव, घर में नाम लेते नै, और बस में सबकू सुनाते?” सगळी बस हसली. त्या हसण्याचं मात्र मला काही वाटलं नाही.

घरी येऊन गायलो. काकू स्वयंपाकघरात होती. गाणं संपलं तरी बाहेर आली नाही. जेवायला वाढताना म्हणाली, “आमटी आळणी झालीय का बघा.” झाली नव्हती. खारट झाली होती.

तर तो माझा उखाणा आहे, वैदेही. उशिरा घेतलेला. तू त्यातलं नावच काढलंस. नाव काढलेला उखाणा कधी ऐकलायस?

आणि तुला ती शिकवली तेव्हाचं आठवतं? काकूला नावानं हाक मारायला मिळते म्हणून खिदळत होतीस. समेवर आलीस की मुद्दाम स्वयंपाकघराकडं तोंड करून ‘उमा’ म्हणायचीस आणि काकू आतून लाटणं दाखवायची.

काका

*

२८ नोव्हेंबर २०२४

चि. वैदेही,

तू लिहिलंस. दोन ओळी का होईना. ‘काका, एका शब्दानं काय फरक पडतो? बंदिश जगली ना?’

बंदिश जगली, खरं आहे. तिला जगवण्यासाठी तू काय केलंस, तेही मी जाणतो. गुरुजींनी गंडा बांधला तेव्हा ‘आधीचं शिक्षण नाही’ असं सांगावं लागलं, हे तुझ्या वडलांकडून कळलं होतं. मी तेव्हा ब्र काढला नाही. म्हटलं, बिनघराण्याच्या माणसाचं नाव सांगून पोरीला दार बंद होत असेल, तर आपण दारातून बाजूला व्हावं. मी माझ्या नावासाठी भांडत नाही. माझं नाव त्या बंदिशीत नाहीच.

पण हे शहर बघ. याचं नाव बदललं तेव्हा केवढी चर्चा झाली. सरकारी कागद निघाले, पाट्या रंगल्या, दोन्हीकडचे लोक तावातावानं बोलले. पत्ता लिहिताना माझा हात अजून अडखळतो. तुझ्या काकूचं नाव बदललं तेव्हा तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

पहिल्या पत्रात लिहिलं, काकू बरी आहे. नाही. तुला सांगू नका असं तुझ्या वडलांनाही मीच म्हटलं होतं. आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात मांडायची सवय नाही मला. पण आता लिहितो.

श्रावणात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. चाकाच्या खुर्चीत असते. त्याहून वाईट म्हणजे शब्द गेले. सगळं कळतं तिला. डोळ्यांत प्रश्न दिसतो, ओठ हलतात, शब्द येत नाही. पाणी हवं असलं तर ‘ता… ता…’ करते आणि चिडून रडते. आयुष्यभर जिनं एका वाक्यात मला गप्प केलं, ती.

बोलणं शिकवायला एक बाई येतात. त्या म्हणाल्या, “काका, आजींना एखादं पाठ असलेलं गाणं आहे का? बोलणं जातं, पण गाणं कधीकधी वेगळ्या खोलीत शाबूत राहतं.” मी ती बंदिश धरली. पहिले आठ दिवस काही नाही. मग एका संध्याकाळी मी ‘सांज पडी अब’ म्हणून समेवर आलो, तर ती म्हणाली, “उमा.” स्वच्छ. ठेक्यात. सरूबाई, म्हणजे आमच्याकडं तिचं सगळं करणारी बाई, भाकरी थापत होती, ती पिठाच्या हातानं धावत आली. “आवो काका, बोलल्या की वो काकू. काय बोलल्या?” मी म्हटलं, नाव सांगितलं स्वतःचं.

आता रोजचं तेच चाललंय. मी मुखडा उचलतो, ती सम देते. तिच्याजवळ तेवढा एक शब्द धडका उरलाय. बाकी सगळं मोडलंय.

तुझं रेकॉर्डिंग मी तिला ऐकवलेलं नाही. ती मोबाइलकडं बोट दाखवते, तुझ्या फोटोकडं बोट दाखवते. मी म्हणतो, नेट चालत नाही. आता कळलं ना, मी कशासाठी लिहितोय?

तिला कार्यक्रमाला आणणार आहे. तू येतेस हे तिला कळलंय. त्या एका संध्याकाळी, या गावात, तिच्यासमोर, नाव घे. नंतर पुण्यामुंबईत, परदेशात, सखी म्हण, सजनी म्हण, काहीही म्हण. मी पुन्हा पत्र लिहिणार नाही. हा शब्द देतो.

काका

*

९ डिसेंबर २०२४

चि. वैदेही,

‘बघते काका.’ एवढाच निरोप आला तुझा. एवढाही पुष्कळ आहे. तुझ्या काकूनं साडी मागितली की मी ‘बघतो’ म्हणायचो आणि आणायचो. आपल्या घरात ‘बघतो’चा अर्थ तोच आहे.

सरूबाईनं हिरवी इरकल काढलीय. काकूनं डाव्या हातानं ती बाजूला सारली आणि कपाटाकडं बोट केलं. चार साड्या नापसंत झाल्या. शेवटी तुझ्या पहिल्या बक्षिसाच्या वेळी नेसली होती ती जांभळी निघाली. पदराला कसर लागलीय. सरूबाई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, कसरीकडं कोन बघतंय. समदे पोरीकडं बघतील.”

तात्यासाहेबांना फोन करून सांगितलं की खुर्ची आणावी लागेल. म्हणाले, “अवश्य आणा. फक्त कडेला लावा, फायर ब्रिगेडचा नियम आहे.” कडेला तर कडेला. आपला जन्म कडेलाच गेला.

मैफलीनंतर घरी ये. दोन घास खाऊन जा. मुगाची खिचडी आणि ताक, घशाला सोसेल असं.

तुझा काका

*

१६ डिसेंबर २०२४

वैदेही,

तू पुण्याला पोचली असशील. वर्तमानपत्रात फोटो आलाय, छान आलाय.

तुला स्टेजवरून काय दिसलं मला ठाऊक नाही. दिवे तोंडावर असले की खालचं काळं दिसतं म्हणतात. म्हणून मला जे दिसलं ते लिहितो.

तात्यासाहेबांनी निवेदन केलं, “आता सादर होईल एक पारंपरिक बंदिश. विदुषींनी ती विस्मृतीतून वर काढली आहे.” बोलताना ते एकदा माझ्याकडं बघून गेले. ज्या बंदिशीला चूक म्हणून हसले होते, तिच्यावरच आता टाळ्या घेतल्या. मी तेही गिळलं. माझं लक्ष पुढच्या समेवर होतं.

तू मुखडा उचललास. काकूनं माझा हात दाबला. आणि तू ‘सखी’ म्हणालीस.

ती माझ्याकडं वळून बघायला लागली. मी समोर बघत राहिलो. दुसऱ्या आवर्तनाला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्याला ती म्हणाली, “उमा.” अगदी समेवर. इतकं स्वच्छ तिनं घरीही कधी म्हटलं नव्हतं. क्षणभर, काय सांगू, मला बरंच वाटलं. पुढच्या रांगेतल्या दोघी वळल्या. पुढच्या आवर्तनाला परत, “उमा.” मागं कुणी हसलं. कुणी ‘शूऽ’ केलं. ती थांबेना. तिला वाटलं असेल, पोरगी अडलीय, आपण शब्द पुरवावा. घरी तू अडलीस की ती स्वयंपाकघरातून शब्द पुरवायची. तसंच.

तू बघितलंस. दिवे असले तरी बघितलंस, कारण तुझी मान नेमकी आमच्या कडेला वळली. मला वाटलं, आता घेशील. आता या आवर्तनाला घेशील.

तू हसलीस, आणि डाव्या हातानं साउंडवाल्याला खूण केलीस. तानपुरा वाढव.

बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता वाकून आला. “आजोबा, आजींना जरा बाहेर घेता का? रेकॉर्डिंग चालूय.” सरूबाई म्हणाली, “आरं, ते तिचंच नाव हाय.” त्यानं ‘हो का’ म्हणत मान डोलावली. वेडसर माणसाशी डोलावतात तशी. सरूबाई ऐकेना. “व्हय रं बाबा, गान्यात हाय ते नाव. इचार त्या बाईला.” मीच तिला गप्प केलं आणि खुर्ची वळवली.

बाहेर मोटारसायकलींजवळ थांबलो. दार लागलं तरी ठेका ऐकू येत होता. आत तू, बाहेर ती. तुझी सम आली की तिची येत होती, बरोबर त्याच जागी. चहावाल्यानं काचेचे ग्लास धुणं थांबवलं.

मग द्रुत सुरू झाली आणि ती थकली. मान खाली घालून बराच वेळ ओठ जुळवत राहिली. म्हणाली, “पो… पोरगी… चु…”

“चुकली?” मी म्हटलं.

तिनं ‘हो’ अशी मान हलवली. डाव्या हाताच्या बोटानं खुर्चीच्या दांड्यावर एकदा वाजवलं. समेवर, म्हणायचं होतं तिला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “घ… घरी… ये… सांग…ते.”

रागावली नव्हती गं. तुझी कीव करत होती. एवढ्या लोकांत शब्द विसरली बिचारी, घरी आली की धडा करून घेऊ, असा चेहरा होता.

मी म्हटलं, “येईल हं, उमा.”

कसं आलं तोंडात कुणास ठाऊक. गाण्याशिवाय, ठेक्याशिवाय, नुसतंच. ती दचकली. इकडं तिकडं बघायला लागली, कुणी ऐकलं तर नाही. सरूबाईनं तोंड फिरवलं आणि उगंच पदर सारखा केला. काकूनं डाव्या हातानं माझा शर्ट ओढला. घरात पाहुणे असताना मी काही भलतंच बोललो की ओढायची, तसा.

खिचडी रात्री आम्हीच खाल्ली. सकाळी उरलेली सरूबाई घेऊन गेली. तुझं ताट झाकून ठेवलं होतं, ते मी धुतलं नाही, सरूबाईनं धुतलं.

मी दिलेला शब्द पाळणार आहे, त्यामुळं हे शेवटचं पत्र. माझा राग आहे तेवढा आहे, तो उतरणार नाही, आणि तू माफी मागावीस असंही मला वाटत नाही. मागितलीस तर ठेवू कुठं?

फक्त एवढं सांगून ठेवतो. रोज दिवेलागणीला ती खुर्ची दाराकडं वळवून घेते. दार उघडं ठेवायला लावते. डास येतात, तरी ठेवायला लावते. ‘उमा’ हा शब्द दहावीस वेळा घोटून ठेवते, तू आलीस की सोपा करून द्यायला. ती तुझी चूक सुधारायला बसली आहे.

ती चूक नव्हती, हे मी तिला सांगितलेलं नाही.

काका